कार्यक्रम भावालाच ठरवू द्या : न्यूरोडायव्हर्जंट माणसांच्या हातातला मेळावा कसा उभा करायचा

प्रश्न : कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतलं मंडळ दरवर्षी डिसेंबरात एक सामाजिक कार्यक्रम घेतं. यंदा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण इतरांपेक्षा वेगळी असलेल्या माणसांसाठी, म्हणजेच ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) असलेल्यांसाठी दिवसभराचा मेळावा घ्यायचं ठरलंय. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, वय 24. त्याला स्टेजवर बोलावून सत्कार करायचा मंडळाचा विचार होता. तो म्हणाला, "सत्कार नको, कार्यक्रम मला ठरवू दे." मंडळाची पोरं चांगली आहेत, तयारही आहेत, पण हे जमवायचं कसं ते कुणालाच कळेना. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, सुरुवात भावाच्या वाक्यापासूनच करा. मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि बरीच वर्षं आमच्यासारख्या माणसांबरोबर गाठीभेटी, कार्यशाळा, छोटे मेळावे उभे करायचं काम करते. लोक मला पहिल्यांदा विचारतात ते हेडफोन किती आणायचे आणि शांत खोली कशी करायची. ते सगळं लागतंच. पण ते कोण ठरवणार, हे आधी ठरलं पाहिजे. आमच्यासाठी अगदी कळकळीनं केलेले कितीतरी कार्यक्रम आम्हालाच सोसत नाहीत, कारण ठरवणाऱ्यांत आमच्यातलं कुणीच नसतं. दारात हलगी-ताशा लावून स्वागत होतं, मग तासभर भाषणं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ती मुलं कानांवर हात ठेवून आईला "घरी चल" म्हणत असतात.

मंडळाच्या बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या आणि इतिवृत्तात लिहा. तारीख, जागा आणि कार्यक्रम न्यूरोडायव्हर्जंट माणसांची समिती ठरवेल. खर्चाच्या वहीवर त्यांच्यातल्या एकाची सही लागेल. आणि समिती एखाद्या गोष्टीला नाही म्हणाली, तर ते नाही शेवटचं असेल, देणगीदाराचा आग्रह असला तरी. तिसरी गोष्ट मंडळाला सगळ्यात जड जाते, म्हणून ती आधीच वदवून घ्या. वर्गणी गोळा झाली, बॅनर छापून आला, की मग कुणाला नाही म्हणवत नाही.

कुणीतरी म्हणेलच, "यंदा आपण करून दाखवू, पुढच्या वर्षी त्यांच्याकडं देऊ." कोल्हापुरात बसून हे मान्य करू नका. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हाही लायकीचा मुद्दा काढणारे होतेच. महाराजांनी जागा आधी दिल्या. तुमच्या समितीतही निम्म्याहून जास्त जागा आमच्यातल्या माणसांच्या असू द्या. सात जण असतील तर किमान चार, पाच असले तर उत्तम.

आता हे चार-पाच कोण, याकडं नीट बघा. सहज घडतं ते असं, की घडाघडा बोलणारा, इंजिनिअर झालेला एखादा ऑटिस्टिक मुलगा आणि एडीएचडीवाली एखादी हुशार मुलगी घेतली, की समिती झाली असं वाटतं. पण शब्दांत न बोलणारी, मोबाईलवर टाइप करून किंवा चित्रकार्डांवर बोट ठेवून सांगणारी माणसंही आमच्यातलीच आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मोठी माणसं आहेत, त्यांना काय आवडतं हे कुणी विचारतच नाही. निदान चाळिशीत झालेल्या बायका आहेत, ज्यांनी आयुष्यभर "वेंधळी", "तुसडी" एवढंच ऐकलंय. समितीत यांच्यापैकी कुणीतरी हवंच, नाहीतर तीन-चार चटपटीत माणसांच्या गरजा म्हणजेच सगळ्यांच्या गरजा असं होऊन बसेल. आणि समितीतल्या प्रत्येकाला मानधन द्या. मांडववाल्याला, साउंडवाल्याला, केटररला पैसे देतो ना आपण? मग महिनाभर डोकं चालवणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळावर भागवू नका. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पाकीट हातात पडलं पाहिजे.

मग मंडळाच्या पोरांनी काय करायचं? भरपूर काम आहे. परवानग्या, वायरिंग, गाड्या, स्वच्छता, दारावर थांबणं, शेजारपाजाऱ्यांना सांगणं. गणपतीचा मांडव एका रात्रीत उभा करणारी पोरं आहेत ही, त्यांच्या हाताला यश आहे. फक्त काय करायचं ते समिती सांगेल.

बैठका कशा घ्यायच्या

सगळं इथंच जमतं किंवा बिघडतं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. मंडळाची नेहमीची बैठक म्हणजे रात्री साडेनऊनंतर, दहा जण एकदम बोलतायत, चहा येतोय, मधेच कुणाचा फोन, आणि शेवटी आवाज मोठा त्याचं खरं. अशा बैठकीत तुमचा भाऊ एक शब्द बोलणार नाही. मग लोक म्हणतील, "त्याला विचारलं होतं की, तो गप्प होता." गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा नाही, हा समितीचा पहिला नियम करा.

निम्म्याहून जास्त बैठक लिखापढीवर होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करा, पण त्यात शुभ सकाळ, फॉरवर्ड, वाढदिवस यांना मज्जाव. एका वेळी एकच प्रश्न टाका : "जागा शाळेची की हॉल? रविवार संध्याकाळपर्यंत सांगा." उत्तराला दोन दिवस द्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न आत मुरवायला वेळ लागतो, आणि मग येणारं उत्तर पक्कं असतं. डिस्लेक्सिया असलेल्यांना लांब मजकूर वाचायचा त्रास होतो, त्यांच्यासाठी तोच प्रश्न आवाजी निरोप म्हणून टाका. उत्तर कुणी लिहील, कुणी बोलून पाठवील, कुणी नुसता अंगठा. सगळं ग्राह्य धरा. समोरासमोर भेटायचं असेल तर दिवसाउजेडी, तासाभरापुरतं, आणि काय बोलायचं ते आदल्या दिवशी लिहून पाठवलेलं.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार या पदांच्या भानगडीत पडू नका. कामाचे तुकडे करा आणि ज्याला जो तुकडा झेपतो, आवडतो, तो त्याला द्या. एडीएचडी असलेल्या माणसाला "महिन्याभरात जागेचं बघ" असं सांगितलं तर ते एकोणतिसाव्या दिवसापर्यंत राहतं. "उद्या अकरा वाजता आपण दोघं मिळून तीन हॉलना फोन करू" म्हटलं तर तोच माणूस वीस मिनिटांत काम उडवतो. शेजारी कुणीतरी नुसतं बसून असलं तरी हात चालतो आमचा. त्याला आळशी म्हणून समितीतून काढलं, तर सगळ्यात जास्त कल्पना सुचणारा माणूस तुम्ही गमावाल.

आमच्या एका समितीत एक मुलगा होता, बोलायचा फार कमी. दारावरच्या कामाचा कागद लिहायचं त्यानं अंगावर घेतलं. आठवड्यानं जे आलं त्यातला थोडा भाग असा : "चप्पल डावीकडच्या रॅकमध्ये ठेवा. रॅक भरला असेल तर खाली, भिंतीला लागून. आत फरशी थंड आहे, मोजे चालतील. टेबलाशी दोन माणसं असतील. एक बसलेला, एक उभा. उभा असलेला तुमच्याशी बोलणार नाही, तो वाट दाखवायला आहे. नाव सांगायचं नसेल तर कागदावर लिहा. लिहायचं नसेल तर बिल्ला घ्या आणि आत जा." त्या दिवशी दारात एकही मूल अडून बसलं नाही. पाहुणचाराची आवड असलेल्या दहा स्वयंसेवकांना ही फरशी सुचली नसती, कारण त्यांना तिचा कधी त्रासच झालेला नाही.

यामागं थोडं शास्त्रही आहे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं 2012 साली मांडलं, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते. पुढं प्रयोगांतही दिसलं, की ऑटिस्टिक माणसं आपापसांत माहिती इतरांइतक्याच चांगल्या तऱ्हेनं पोचवतात. म्हणून मदतीच्या टेबलावर, दारात, शांत खोलीबाहेर, प्रत्येक ठिकाणी आमच्यातलं निदान एक माणूस ठेवा.

वेळ आणि पाहुणे

दिवसभराचा मेळावा नको. तीन तास पुष्कळ झाले, रविवारी सकाळी दहा ते एक. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो म्हणून तीच तारीख धरू नका. त्या दिवशी सगळ्या शाळा-संस्था आपापल्या कार्यक्रमांत अडकलेल्या असतात, आणि मुलं सकाळपासून रांगेत उभी राहून थकलेली असतात.

पत्रिकेवर दहा लिहिलं तर दहाला सुरू झालं पाहिजे. हे मी अगदी हात जोडून सांगते. वेळेचा अंदाज चुकणं हे बाकीच्यांसाठी थोडी गैरसोय असते. आमच्यातले कितीजण मात्र आदल्या रात्रीपासून मिनिटामिनिटाचं चित्र मनात मांडून आलेले असतात. ते चित्र सव्वाअकरापर्यंत लटकत राहिलं, की तिथंच माणूस कोसळतो, आणि लोकांना वाटतं काही कारण नसताना रडायला लागला. उशीर होतो तो बहुतेक वेळा प्रमुख पाहुण्यांमुळं. तेव्हा प्रमुख पाहुणाच ठेवू नका. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, स्वागत, सत्कार, मनोगत, आभार ही सगळी साखळी गाळा. नगरसेवक, आमदार यांना यायचं असेल तर अगत्यानं बोलवा, पण ते येतील ते बाकीच्यांसारखे, बिल्ला लावून, खाली बसून. मंडळाला हे अवघड वाटेल. एक मार्ग सांगते, समितीनं आधीच लेखी पत्र द्यावं : या कार्यक्रमात व्यासपीठ नाही, आपण आलात तर आम्हाला आनंद आहे, अमुक टेबलावर तमुक चाललेलं असेल, तिथं बसा. बहुतेक माणसं हे समजून घेतात, कारण असं त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं.

रद्द करायचा नियमही आधी लिहून जाहीर करा. डिसेंबरात पुराची भीती नाही, पण समजा पुढं कधी पावसाळ्यात घेतलात, तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्यांना पाठ असते : 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. "आदल्या दिवशी दुपारी चारला पाणी 39 फुटांवर असेल तर कार्यक्रम होणार नाही" असं एक वाक्य पत्रिकेवर असलं, की शिरोळ-करवीरच्या गावांतून येणाऱ्या माणसाला "होणार की नाही" या घालमेलीत रात्र काढावी लागत नाही.

जागा

रंकाळा तलावाच्या काठावर घेऊ, मोकळं आहे, असं कुणीतरी सुचवेल. सुंदर जागा आहे, पण ऑटिस्टिक मुलांपैकी काही पटकन निसटून जातात आणि पाण्याकडं ओढली जातात, त्यात जीव जातात. उघड्या पाण्याजवळ मुलांचा कार्यक्रम नको. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन स्टँडपासून जवळ, सगळ्यांच्या माहितीचं, पण चौकातल्या रहदारीचा विचार करा. मंगल कार्यालयं मला आवडत नाहीत. आवाज घुमतो, आणि डिसेंबर म्हणजे लग्नसराई, शेजारच्या कार्यालयात बँड कधी वाजेल सांगता येत नाही. माझी पसंती रविवारच्या दिवशी रिकाम्या शाळेला. वेगवेगळे वर्ग मिळतात, मैदान असतं, फाटक एक असतं. फक्त आमच्यातल्या अनेकांच्या शाळेच्या आठवणी वाईट आहेत. फळ्यापुढं उभं करून वाचायला लावलेलं, हसलेली मुलं, ते शाळेचा वास आला तरी उफाळून येतं. समितीत कुणी "शाळा नको" म्हणालं, तर कारण विचारू नका, दुसरी जागा शोधा.

जागा पक्की करण्याआधी त्याच वाराला, त्याच वेळेला समितीतले दोघं-तिघं तिथं अर्धा तास नुसते बसून येऊ देत. ट्यूबलाइट फडफडते का, पंखा घरघरतो का, स्वच्छतागृहात फिनेलचा भपकारा आहे का, शेजारच्या मंदिरात स्पीकर कधी लागतो, हे त्यांनाच कळेल. आवाजाबद्दल सरकारचा नियमही आहे, 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा. तुमच्या सभागृहात त्याच्या आतच राहा. एक माइक, छोटा स्पीकर, आणि शिट्टी मारणारा माइक असेल तर माइकच नको. घुमणाऱ्या खोलीत सतरंज्या आणि पडदे टाकले की खूप फरक पडतो. अगरबत्ती, अत्तर, गजरे बंद. स्वयंसेवकांनाही सांगा.

शांत खोली कार्यक्रमापासून दोन भिंती लांब हवी. मंद उजेड, गाद्या, दोन-तीन खुर्च्या भिंतीकडं तोंड केलेल्या. दार बंद होत असलं पाहिजे, पण आतून कडी लागता कामा नये. बाहेर एक जण बसेल, आत जाणाऱ्याला "काय झालं?" असं विचारणार नाही. पालकांना मोबाईलवर बोलायला ती खोली वापरू देऊ नका, हे फार होतं.

जेवणात तांबडा-पांढरा करायचा मोह होईल. करा, पण वेगळ्या जागी, वास आत येणार नाही असा, आणि त्याबरोबर साधा भात-वरण, कोरडी चपाती, पाकिटातली बिस्किटं ठेवा. काय असणार ते आठवडाभर आधी कळवा आणि घरचा डबा आणायला मोकळीक द्या. तिसऱ्यांदा "घे की थोडं" म्हणणं हा आपल्याकडं प्रेमाचा भाग आहे, त्या दिवशी तेवढं प्रेम आवरा.

बिल्ले, टाळ्या, फोटो

बिल्ल्यांची पद्धत ऑटिस्टिक लोकांनी स्वतः काढलेली आहे. अमेरिकेत 1996 पासून 'ऑट्रीट' नावाचे मेळावे ऑटिस्टिक मंडळी स्वतःच चालवायची, तिथून ती जगभर गेली. ब्रिटनमध्ये 2005 पासून 'ऑटस्केप' त्याच धर्तीवर चालतं. हिरवा बिल्ला म्हणजे माझ्याशी बोला, मला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोलावं. लाल म्हणजे आज कुणीच नको. आपल्याकडं करताना रंगाबरोबर ठळक अक्षरांत लिहा, "बोला", "ओळखीचेच", "आज नको", आणि आकारही वेगळे ठेवा, म्हणजे रंग ओळखू न येणाऱ्याला आणि वाचता न येणाऱ्यालाही कळेल. बिल्ला मधेच बदलता आला पाहिजे. सगळ्यांनी लावायचा, मंडळाच्या अध्यक्षांनीसुद्धा, नाहीतर बिल्ला म्हणजे आजाऱ्याची खूण होऊन बसते.

टाळ्यांऐवजी हात वर करून पंजे हलवायचे. पहिल्या दोन वेळा लोक विसरतात, मग आवडायला लागतं.

फोटोचं कडक ठेवा. मनगटावर ठरावीक रंगाचा दोरा असेल त्याचाच फोटो, आणि तोही ठरलेल्या एका माणसानं काढायचा. मूल पाच वर्षांचं असो की पंचवीस वर्षांचा तरुण, त्याची रडताना किंवा हात फडफडवताना काढलेली चित्रफीत पेठेतल्या ग्रुपवर फिरली, की ती परत घेता येत नाही. स्थानिक पत्रकारांना समितीनं लिहिलेला मजकूर आणि रिकाम्या सभागृहाचा फोटो द्या.

आणि दारावर प्रमाणपत्र किंवा दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड मागू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही. कार्ड मागितलंत तर तुमच्या पत्रिकेवरचीच निम्मी माणसं बाहेर राहतील. ज्यांचं निदान झालेलंच नाही, झालंय पण घरात सांगितलेलं नाही, तीही येऊ देत. "मला वाटतं मी अशी आहे" एवढं पुरे. तेही सांगायची सक्ती नाही.

तिथं करायचं काय

स्पर्धा नको. चित्रकला स्पर्धेत एकाला बक्षीस आणि चाळीस जणांना सहभागाचं प्रमाणपत्र, हे आम्ही शाळेत भरपूर सोसलंय. "पाहा, हा किती तारखा तोंडपाठ सांगतो" असा खेळही नको. मला सगळ्यात समाधान देणारे कार्यक्रम आहेत ते टेबलांचे. प्रत्येक टेबलावर एका माणसाचा जिवाभावाचा विषय. एकानं केएमटी बसचे मार्ग नकाशावर काढलेले असतील, एकीनं कोल्हापुरी चपलेचे कापलेले तुकडे, दोरे, वेणीचं चामडं मांडलेलं असेल आणि ती वेणी घालून दाखवत असेल, एकाकडं पेठांतल्या फुटबॉल सामन्यांचे गोल वहीत वर्षवार लिहिलेले असतील. येणारा बसेल, बघेल, हवं तर विचारेल, नाहीतर शेजारी बसून नुसता चामडं हाताळेल. न बोलता शेजारी बसून आपापलं काम करणं ही आमच्यासाठी फार जवळची सोबत असते. इतर नागरिकांनी यावं ते याच टेबलांसाठी. दयेपोटी आलेला माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, चपलेची वेणी शिकायला आलेला तासभर बसतो.

कुणाला बोलायचं असेल तर सात-सात मिनिटांची भाषणं वेगळ्या वर्गात ठेवा. लिहिलेलं वाचलं तरी चालेल, दुसऱ्यानं वाचून दाखवलं तरी चालेल, पाठ करून भिंतीकडं बघत म्हटलं तरी चालेल.

एकाची गरज दुसऱ्याच्या आड येणार, हे धरून चाला. एकाला सारखं गुणगुणल्याशिवाय चैन पडत नाही आणि दुसऱ्याला ते गुणगुणणं टोचतं. दोघांपैकी कुणीही चुकीचं नाही. दोन खोल्या किंवा दोन वेळा केल्या की सुटतं. म्हणूनही शाळेची इमारत बरी.

अडचण आली तर

कुणी ओरडायला लागलं, जमिनीवर पडलं, डोकं आपटू लागलं, तर गर्दी हटवा, आवाज आणि दिवे कमी करा, एकच माणूस थोडा लांब शांत बसू दे. धरून ठेवू नका, समजावू नका, नाव घेऊन हाका मारू नका. डोक्याखाली उशी सरकवता आली तर सरकवा. ओसरायला वेळ लागतो, नंतर पाणी द्या आणि त्याबद्दल एक अक्षर काढू नका. काहीजण उलट एकदम गोठतात, बोलणं बंद होतं. तो रुसवा नसतो, तेव्हाही हेच करा.

ऑटिझम असलेल्यांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. फिट आली तर आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, झटके थांबले की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108 ला फोन. हे मंडळाच्या पोरांना आधी एकदा करून दाखवा, त्यांना अशी कामं चटकन येतात. लखलखणारे दिवे मात्र कुठंही नकोत.

आईवडिलांसाठी वेगळी खोली आणि चहा ठेवा. त्यांनी कितीतरी वर्षांत दोन तास निवांत काढलेले नसतात. आणखी एक कारण आहे. आई समोर असली की लोक मुलाला सोडून आईलाच विचारतात, "याला काय आवडतं?" मोठ्या मुलांच्या पालकांना नम्रपणे सांगा, की इथं उत्तर तोच देईल, वेळ लागला तरी. काही पालकांना याचा राग येतो, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही समजून घ्या, पण नियम सोडू नका.

आता या आठवड्यात करायचं एवढंच : भावाला विचारा, की त्याला या कामात आणखी कोण बरोबर हवंय, आणि कोणती तीन कामं तो अजिबात करणार नाही. ते लिहून मंडळाला द्या. त्यानं फोनवर बोलायला नकार दिला, तर हॉलला फोन मंडळातलं कुणीतरी करेल, काय बोलायचं ते तो लिहून देईल. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्याला कुणी भेटायला, कौतुक करायला, हिशोब मागायला जाऊ नये. तो दिवसभर झोपेल कदाचित, दोन दिवसही लागतील. हिशोब आणि पुढच्या वेळी काय बदलायचं याचं लेखी टिपण पंधरा दिवसांनी मागा, आणि ते टिपण मंडळाच्या पुढच्या बैठकीत जसंच्या तसं वाचा, मधला एकही शब्द न गाळता.